एक्केचाळीस विरोध

आमच्या समोरच्या घरातल्या मारुतीतात्यांनी स्वतःच्या मुलाच्या साखरपुड्यातही विरोध नोंदवला होता. मुलगी पसंत होती, सोयरे पसंत होते, तारीख पसंत होती. विरोध होता तो चहात अद्रक नसण्याला. भर मांडवात उभं राहून ते म्हणाले, "आपला इरोध हाय. लिवून घ्या." शेवटी मुलीच्या मामाने पत्रिकेच्या मसुद्यामागे तो लिहून घेतला, तेव्हा कुठे कार्यक्रम पुढे सरकला.

तात्यांचं वय सत्तरीच्या आसपास आहे. नक्की सांगता येत नाही, कारण आधार कार्डावरच्या जन्मतारखेलाही त्यांचा विरोध आहे. उभा जन्म मेंढरांमागे गेला. आता मुलगा आणि सून मेंढरं घेऊन दिवाळीनंतर बाहेर पडतात ते पेरणीच्या सुमारास परततात. तात्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली. घरी ते आणि नात अश्विनी. पोरीची शाळा बुडू नये म्हणून तात्यांनी मेंढरं सोडली. गावात बसल्यावर बोलायला माणूस मिळेना आणि विरोध करायला विषय कमी पडेनात, असं माझं निरीक्षण आहे.

शाळा मिशनची आहे, केजच्या रस्त्याला. मी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचं काम करतो. अक्षर नीट आणि आकड्यात चूक होत नाही एवढ्या भांडवलावर मला पालक संघाचा सचिव केलं गेलं. त्यामुळे तात्यांचा विरोध लिहून घेणं हे माझं अधिकृत काम झालं.

मुख्याध्यापिका सिस्टर रोझलिन मूळच्या केरळच्या. पण त्यांचं मराठी आम्हा सगळ्यांपेक्षा शुद्ध. 'पाणी'तला 'ण' आमच्या गावात फक्त त्यांच्या तोंडून ऐकू येतो. पहिल्याच सभेत तात्या सहा वेळा उभे राहिले. सहाव्यांदा सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, तोंडी विरोध हवेत जातो. लेखी द्या. मी लेखी उत्तर देईन."

आम्हाला वाटलं, विषय संपला. तात्यांना अक्षरओळख नाही. पण पुढच्या शनिवारी सकाळी दहाला ते अर्ज घेऊन ऑफिसात हजर. तिसरीतल्या अश्विनीने लिहिलेला.

त्यानंतर तीन वर्षांत एक्केचाळीस अर्ज आले. प्रत्येक अर्ज सभेत वाचून रजिस्टरात क्रमांकासह नोंदवायचा असा सिस्टरांचा नियम. म्हणून मी खात्रीने सांगू शकतो की अर्ज क्रमांक एक शाळेची घंटा दोनदा वाजवण्याविरुद्ध होता आणि अर्ज क्रमांक सात नाताळचा तारा फेब्रुवारीपर्यंत टांगून ठेवण्याविरुद्ध. बारावा मला तोंडपाठ आहे. 'नाताळच्या देखाव्यात मेंढरं कापसाची पांढरी दाखवली. आमच्याकडं मेंढरं काळी आसत्यात. पोरांला खोटं शिकवू नये.' सिस्टरांनी उत्तर दिलं, 'आपले म्हणणे बरोबर आहे. पुढील वर्षी आपण मदत करावी.' पुढच्या वर्षी तात्यांनी कळप बाहेर पडताना मुद्दाम मागे ठेवून घेतलेली दोन काळी कोकरं आणली. त्यातल्या एकाने बाळ येशूच्या गव्हाणीतलं सगळं गवत पाहुण्यांदेखत खाल्लं. तात्या पहिल्या रांगेतून म्हणाले, "आता खरं वाटाय लागलं."

हे असंच चाललं असतं. पण गेल्या वर्षी रावसाहेब बप्पांचा वाढदिवस आला.

बप्पा म्हणजे आमच्या भागातले पुढारी. शंभरेक एकरांचे मालक. वाढदिवसाचा फ्लेक्स शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर लावायला माणसं आली, आणि सिस्टरांनी ती परत पाठवली. त्या संध्याकाळपासून शाळेचं नेतृत्व बदललं पाहिजे असं बप्पांना वाटू लागलं. काही पालकांनाही वाटू लागलं, कारण गेट आठ वाजून पाच मिनिटांनी बंद होतं. बाकीच्यांना सिस्टरच हव्या होत्या, तेही गेट आठ वाजून पाच मिनिटांनी बंद होतं म्हणूनच. व्हॉट्सअॅपवरचा पालकांचा ग्रुप फुटून दोन झाले. एकाचं नाव 'पालक एकता', दुसऱ्याचं 'पालक एकजूट'. सचिव म्हणून मी दोन्हींत होतो. त्या काळात माझ्या फोनची बॅटरी दुपारी दोनला संपायची.

सिस्टरांची बदली करण्याचा अधिकार त्यांच्या संस्थेला. बप्पांनी सवयीप्रमाणे आधी आमदारांचं शिफारसपत्र आणलं. संस्थेने ते नम्रपणे परत केलं. मग बप्पांच्या कुणी तरी लक्षात आणून दिलं की सचिवाच्या रजिस्टरात एकाच पालकाच्या एक्केचाळीस लेखी तक्रारी आहेत. पालकाने मागितली तर नक्कल द्यावी लागते. मी दिली. संस्थेचे फादर चौकशीला येणार असं ठरलं, आणि हटाव समितीच्या अध्यक्षपदी मारुतीतात्यांची नेमणूक झाली. टोपी, टॉवेल, नारळ देऊन सत्कार झाला. टॉवेल अरुंद असल्याबद्दल तात्यांनी विरोध नोंदवला, पण पद घेतलं. त्यांना वाटलं, घंटेबद्दल काही तरी चाललं आहे.

खरं काय ते त्यांना माझ्याकडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवी घेऊन माझ्या ओट्यावर आले.

"मोजनीसायेब, त्ये एक्केचाळीस खोडा."

"तात्या, रजिस्टरात खाडाखोड चालत नाही."

"कावून चालत न्हाई? इरोध माजा. मीच खोडा म्हन्तोय."

"विरोध तुमचा, पण नोंद माझी. मी खोडलं तर मी खोटा ठरतो."

"आन न्हाई खोडलं तर सिस्टर जाती."

तात्यांनी पिशवी माझ्यासमोर पालथी केली. एक्केचाळीस अर्ज, सिस्टरांच्या उत्तरांसह. सभेत सिस्टर अर्ज आणि त्याच्या मागे लिहिलेलं उत्तर वाचून दाखवायच्या, मी ऐकून नोंदवायचो आणि कागद तात्यांकडे परत जायचा. पुढची बाजू मी प्रथमच पाहिली. तिथे लाल शाईने अश्विनीचं शुद्धलेखन तपासलेलं होतं. ऱ्हस्व-दीर्घ, काना, मात्रा, सगळं.

सवयीने मी मोजायला बसलो. पहिल्या अर्जात सदतीस चुका. विसाव्यात चौदा. एक्केचाळिसाव्यात एक. आणि ती एक म्हणजे 'इरोध'. तात्या म्हणतात तसंच लिहायचं अशी पोरीला ताकीद होती. सिस्टरांनी त्या शब्दाभोवती एक्केचाळीस वेळा गोल केला होता.

तात्या ओट्याच्या फरशीकडे बघत म्हणाले, "तिची माय मेंढरामागं. मला आक्षर येत न्हाई. पोरीला लिवायला बसवायचं तर काई इषय पायजे का न्हाई? मला काय घंटीचं पडलंय. दोनदा वाजू द्या न्हाई तर धा येळा."

"मग अर्ज कशाला? सरळ शिकवा म्हणायचं सिस्टरांना."

"आसं कसं म्हनायचं? आपन उपकार मागाय गेलो तर मान खाली घालावी लागती. इरोध कराय गेलो तर खुर्ची देत्यात."

मी अर्ज क्रमाने लावून पिशवीत परत ठेवले. मग म्हणालो, "तात्या, लिहिलेलं खोडता येत नाही. पण नवीन लिहिता येतं."

फादर आले त्या दिवशी सभा अकराला सुरू झाली. 'एकता' डावीकडे, 'एकजूट' उजवीकडे. बप्पांनी एक्केचाळीस तक्रारींची यादी फादरांपुढे ठेवली. तात्या उठले. पिशवीतले मूळ अर्ज त्यांनी यादीशेजारी ठेवले.

"अर्ज नंबर एकला आपला इरोध हाय. लिवून घ्या."

फादरांना नीट समजलं नाही. "अर्ज तुमचाच आहे ना?"

"माजाच हाय. त्यालाच इरोध हाय."

मग दोन. मग तीन. प्रत्येकाला कारण. बाराव्याला ते म्हणाले, "मेंढराचं माजं खरं व्हतं, पर सिस्टरनं ऐकलं. ऐकल्यावर तक्रार कसली?" मग एकोणिसावा आला. तो अर्ज डायरीवर आईचीच सही मागण्याविरुद्ध होता. "त्या सालापून सिस्टरनं माजा आंगठा चालवून घेतला," एवढंच बोलून ते विसाव्याकडे गेले.

एक्केचाळीस संपल्यावर बप्पा कळवळून म्हणाले, "तात्या, आवं तुमी आमच्या समितीचे अध्यक्ष हायेत."

"त्यालाबी इरोध हाय. ह्ये बेचाळिसावं. मोजनीसायेब, लिवून घ्या."

दोन्ही बाजू हसल्या. बप्पाही हसले, कारण सगळे हसत असताना पुढाऱ्याला गंभीर राहणं परवडत नाही.

फादर मात्र अर्ज उलटेपालटे करून बघत होते. "ही सगळी उत्तरं सिस्टरांनी दिली?"

"एक्केचाळीसच्या एक्केचाळीस," मी म्हणालो. मी दोनदा मोजली होती.

सभा पावणेदोनला संपली. सिस्टर त्यांची मुदत संपेपर्यंत, म्हणजे आणखी दोन वर्षं, राहणार असं ठरलं. बप्पांचा फ्लेक्स समोरच्या चहाच्या हॉटेलावर लागला. तिथे तो जास्त लोकांना दिसतो असं आता त्यांचंच मत आहे.

पुढच्या शनिवारी सभेच्या इतिवृत्तावर सिस्टरांची सही घ्यायला मी शाळेत गेलो. ऑफिसच्या दारात तात्या उभे होते. धुतलेला सदरा, हात रिकामे. आत जावं की नाही हे ठरत नसावं.

सिस्टरांनी मान वर केली. "या, आजोबा. अर्ज?"

"आज काई न्हाई," तात्या म्हणाले. "पोरगी म्हनली, आता माजं मीच निबंध लिवते. मंग मी म्हनलं, बगून तरी यावं."

सिस्टरांनी टेबलाजवळची खुर्ची दाखवली. तात्या खुर्चीच्या कडेला टेकले, पाहुण्यासारखे. मला वाटलं, आता दोघांनाही बोलायला काही नाही.

"सूनबाईंचा फोन आला का?" सिस्टरांनी विचारलं.

"आलता काल. बरी हायेत समदी. कोकरं झालीत म्हन्ली, सात."

"सात?" सिस्टरांनी हातातलं पेन बाजूला ठेवलं. "कशी आहेत?"

तात्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. मी सही घेऊन निघालो. फाटकापाशी चपला घालेपर्यंत उघड्या खिडकीतून त्यांचा आवाज ऐकू येत होता, आणि ते चौथ्या कोकरापर्यंत आले होते.