एका शब्दात ताईंचा आवाज

"ताई, तुम्ही खुशाल जा. तुमचा आवाज मी एका शब्दात कोंडून ठेवलाय," असं बसस्थानकाच्या संगणकवाल्याने छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा घोषणा करणाऱ्या ताईंना भरून आलं. लेकीचे दिवस भरत आले होते आणि ताईंना रजा मिळत नव्हती, कारण माईकवर बसायला दुसरं कुणी नव्हतं.

या संगणकवाल्याला अख्खं स्थानक शॉर्टकट म्हणायचं. सरळ वाटेने काम करायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. त्याने ताईंच्या घोषणा रेकॉर्ड केल्या आणि त्या वाजवणाऱ्या लांबलचक आज्ञांना छोटी टोपणनावं दिली. पडद्यावर आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडायची, तिच्यात 'उशीर' एवढंच टाइप करायचं, की ताईंचा आवाज प्रवाशांची माफी मागून मोकळा. आगारप्रमुख बाईंना हे पटलं तर रजा पक्की होती.

पण 'उशीर' कधी चाले, कधी संगणक सरळ कानांवर हात ठेवी: असली आज्ञा मला माहीत नाही. शॉर्टकटने वायर बदलली, कीबोर्ड उलटा करून झटकला, त्यातून बिस्किटाचा चुरा तेवढा निघाला. संगणक बंद करून पाहायची सोय नव्हती, तिकिटंही त्याच्यावरच निघायची. मग आज्ञा चालली की चटकन कळावं म्हणून त्याने 'उशीर'ला तात्पुरतं दुसरंच रेकॉर्डिंग जोडलं. माईक चालू राहिल्याने टिपलं गेलेलं ताईंचं खासगी बोलणं होतं ते. हेडफोन लावून तो ते ऐके आणि एकटाच हसे. दोन दिवसांनी त्याने इमानदारीने माफीची घोषणा परत जोडली, नवी खिडकी उघडून तपासली. दर वेळी चोख चाललं.

परीक्षेच्या दिवशी लाउडस्पीकरची तार त्यानेच कौतुकाने जोडली. आगारप्रमुख बाई यंत्रणा तपासायला आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"मीच टाइप करते," त्या म्हणाल्या. "तुम्ही केलंत तर ते चालणारच."

पडद्यावर काळ्या खिडक्यांची चळत होती. बाईंनी तळातली एक पुढे ओढली, 'उशीर' लिहिलं आणि एंटर दाबलं.

"त्या बाईंना काळीज असतं," ताईंचा आवाज सगळ्या फलाटांवर घुमला, "तर रजेचा अर्ज तीनदा परत आला असता का? बोलायला गेलं की चष्म्यावरून अशा बघतात, जशी काही मी त्यांची बसच पळवून नेतेय."

स्थानक जागच्या जागी थिजलं. काच पुसणाऱ्या ड्रायव्हरचा हात काचेवरच राहिला. चौकशीच्या रांगेतले लोक आपण काय विचारायला आलो होतो तेच विसरले. दारात उभ्या ताई पांढऱ्याफटक पडल्या. बाई चष्म्यावरून बघत होत्या. ते लक्षात येताच त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

शॉर्टकटच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. काळी खिडकी उघडताना त्या वेळची टोपणनावं पाठ करून बसते. नंतर केलेला बदल तिच्या गावीही नसतो. आणि उघडलेली गोष्ट बंद करणं शॉर्टकटला जन्मात जमलं नव्हतं. काही खिडक्या टोपणनावं द्यायच्या आधीच्या, काही मधल्या, एखादीच नवी. आता कळून काय उपयोग? ताईंची रजा त्याच्या हातून गेली होती आणि बहुधा नोकरीही.

"तीनदा?" बाईंनी विचारलं.

"चारदा," ताई पुटपुटल्या.

बाईंनी कीबोर्ड बाजूला सारला. मग म्हणाल्या, "उद्यापासून जा. लेकीपाशी राहा."

ताईंना रडू आवरेना. शॉर्टकटच्या जिवात जीव आला, आणि तेवढ्यावर गप्प बसावं ना! त्याने हळूच विचारलं, "म्हणजे बाई, यंत्रणा पास?"

"घोषणा तुम्ही करायच्या," बाई चष्मा चढवत म्हणाल्या. "पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत. तोंडाने."

"आठवडाभर ना?"

"बाळंतपण आहे," बाई म्हणाल्या. "तीन महिने धरा."