न भाजता, न शिजवता, न विचारता

मूल जन्माला येतं तेव्हा त्याला दात नसतात आणि मतही नसतं. पुढे दोन्ही साधारण एकाच सुमारास येतात, आणि येताना दोन्ही घरातल्यांची झोप उडवतात. दातांसाठी दंतवैद्य आहेत. मतांसाठी आमच्या पाळणाघरात खाऊ समिती आहे.

पाळणाघर एका कचेऱ्यांच्या इमारतीत तळमजल्यावर आहे. दोन खोल्या, मधे सरकतं दार, जमिनीवर रबरी चटया, आणि मुलांच्या उंचीला एक बेसिन, ज्यात बहुतेक वेळ कोणाचा तरी मोजा असतो. एक ते तीन वर्षांची डझनभर मुलं तिथे दिवसभर राहतात. त्यांना सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. मावशींना समितीत मत नाही. त्या दिवसभर मुलांमध्ये असतात, त्यामुळे मुलांच्या बाबतीत त्यांना तटस्थ राहता येत नाही.

समितीचं धोरण साधं आहे. दुपारचा खाऊ पालकांनी पाळीपाळीने घरी करून आणावा. तो फळांचा असावा, तंतुमय असावा आणि ओव्हनमध्ये भाजलेला नसावा. तंतुमय का, हे ज्याने दीड वर्षाच्या मुलाचं पोट दोन दिवस अडलेलं पाहिलं आहे त्याला सांगावं लागत नाही. भाजलेला का नसावा, हे मात्र समितीत कोणालाच माहीत नाही. (पहिल्या अध्यक्षांचा ओव्हन बिघडला होता, असं एक मत आहे. त्या आता दुसऱ्या शहरात राहत असल्याने तपासता आलेलं नाही.) कारण माहीत नसलेल्या नियमाचा एक फायदा असतो: तो कुठे थांबतो, हेही कोणाला सांगता येत नाही.

मीही एक पालक, आणि अन्नपदार्थांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून तापमान मोजण्याचं काम माझ्याकडे आलं. खाऊच्या गोळ्यांसाठी मिक्सरमध्ये खजूर वाटताना तो चौदा अंशांनी तापतो, असं मी समितीला सांगितलं. त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून मिक्सरवर बंदी आली आणि खजूर ठेचायचा असं ठरलं. मग कोणीतरी विचारलं की गोळा वळताना तळहाताचं काय? तळहात साधारण तेहेतीस अंशांचा असतो. हेही मला सांगावं लागलं. तेव्हापासून पालक गोळे वळण्याआधी हात बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. बोटं बधिर झाल्यामुळे काही गोळे लांबट होऊ लागले. समितीने त्या आकाराला मान्यता दिली.

आताच्या अध्यक्षबाई पेशाने वास्तुविशारद. त्यांच्या मुलाला सगळे राजे म्हणतात. दोन वर्षांच्या राजांच्या शब्दसंग्रहात 'नाई' आणि 'गाई' असे दोन शब्द होते, आणि खाण्याच्या वेळी त्यातला पहिलाच उपयोगी पडत असे. अध्यक्षबाईंचे सफरचंद, जवस आणि अंजिराचे गोळे एकावर एक तीन मजले आधाराशिवाय उभे राहतात. इतर पालकांचे दोन मजल्यांवर ढासळतात. याचं कारण विचारलं तर त्या नम्रपणे म्हणतात, "पाया."

समितीच्या पाहणीनुसार एक्क्याण्णव टक्के पालकांना खाऊ आवडतो. (उरलेले पाहणीच्या दिवशी आजारी होते.) गोळ्यांची चव पाहून पाहून बऱ्याच वडिलांच्या पोटाच्या जुन्या तक्रारी गेल्या आहेत. मुलांचीही पाहणी एकदा केली होती. सगळ्यांचं उत्तर 'नाई' आलं. पण त्या वयाची मुलं स्वतःचं नाव विचारलं तरी 'नाई' म्हणतात, तेव्हा ती उत्तरं ग्राह्य धरणं शास्त्रीय ठरलं नसतं. त्याऐवजी समितीने सेवनाची व्याख्या केली: खाऊ ताटलीतून नाहीसा होणे म्हणजे सेवन. तो ताटलीतून तोंडात गेला, केसांत गेला, की खिडकीतल्या कुंडीत गेला, हा तपशील मावशींच्या झाडूचा. या व्याख्येनुसार सेवन कधीच नव्वद टक्क्यांच्या खाली आलेलं नाही. कुंडीतली झाडंही उत्तम वाढली आहेत.

अशा सुरळीत चाललेल्या व्यवस्थेत लिफ्टवाल्यांचं प्रकरण उद्भवलं.

लिफ्टवाले म्हणजे आसपासच्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांची मुलगी ठकी आमच्याकडे असते. बायको रुग्णालयात परिचारिका. तिची कामाची वेळ दर आठवड्याला बदलते. नियम असा, की खाऊच्या बाबतीत तीन चुका झाल्या तर मुलाची जागा रिकामी करावी लागते. लिफ्टवाल्यांच्या दोन झाल्या होत्या. एकदा त्यांनी दुकानातली बिस्किटं आणली. दुसऱ्यांदा गोळे स्वतः केले, पण ओट्स तव्यावर जरा परतून घेतले. हे त्यांनी स्वतःच आनंदाने सांगितलं, कारण चव छान आली होती.

त्यांच्या खाऊच्या तिसऱ्या पाळीच्या आदल्या दिवशी एक लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, आत माणसं होती, आणि ते घरी आले तेव्हा गोळे वळण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. सकाळी त्यांनी पाळणाघराच्या बेसिनपाशी उभं राहून पिकून मऊ झालेल्या नाशपाती धुतल्या, सालीसकट पातळ चिरल्या आणि ताटल्यांत वाढल्या. (मोजा आधी काढून ठेवला.)

संध्याकाळी मुलांना न्यायला आलेल्या सगळ्या पालकांसमोर मावशी म्हणाल्या, "आज झाडूत एक तुकडा आला नाही हो!"

त्यांनी हे कौतुकाने म्हटलं. पण एखाद्या घरात तीन वर्षांनी कळावं की घड्याळ बंद आहे, तसे सगळे एकमेकांकडे बघू लागले. त्या आठवड्यात चार घरांत मुलांनी गोळे नाकारून फळांच्या टोपलीकडे बोट दाखवल्याच्या तक्रारी आल्या. अध्यक्षबाईंनी चौकशी लावली.

ठकीची जागा गेली असती तर पुढचं पाळणाघर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि तिथे वर्षभराची रांग होती. नवराबायकोपैकी एकाला काम सोडावं लागलं असतं. कोणी, यावर त्यांचं घरी बोलणं झालं होतं. दोघंही 'मी' म्हणाले होते, त्यामुळे ते बोलणं संपलं नव्हतं.

चौकशी शनिवारी दुपारी झाली. आम्ही मुलांच्या छोट्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो. मुलं मावशींबरोबर सरकत्या दारापलीकडे. लिफ्टवाल्यांनी पुरावा म्हणून चिरलेल्या नाशपातीचा डबा आणला होता. वासाने समितीचं मत कलू नये म्हणून अध्यक्षबाईंनी तो पलीकडच्या खोलीत ठेवायला लावला.

"कृती सांगा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"धुतली. चिरली."

"मग?"

"मग दिली."

"मधे काही?"

"मधे बिया काढल्या, मॅडम."

समितीत एक निवृत्त वकील आहेत, नातवाच्या वतीने येतात. सगळे त्यांना वकील आजोबा म्हणतात. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "अहो, पण यात तुम्ही केलंत काय? नियमात 'करून आणावा' असं आहे. हे तर झाडाने केलं."

"झाडाने केलं, आजोबा, पण आणलं मीच ना?"

"आणायला काय, दगडही आणता येतो."

"तो तर आणतातच लोक. मागच्या महिन्यात तुमच्या नातवाने गोळा फेकला आणि खिडकीची काच तडकली. आम्हाला आधी वाटलं, बाहेरून दगडच आला."

कोणीतरी हसलं. अध्यक्षबाईंनी त्या दिशेला पाहिलं, तेव्हा तिथे कोणीच हसत नव्हतं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "नाशपातीत तंतू किती?"

"सालीसकट एकीत पाचेक ग्रॅम."

"आणि आपल्या गोळ्यात?"

"दोन."

"पण ते दोन *केलेले* आहेत," अध्यक्षबाई म्हणाल्या.

'केलेलं' मोजायचं एकक आमच्या प्रयोगशाळेत नाही.

"आणि उद्या सगळेच नुसती फळं आणायला लागले तर?" त्यांचा आवाज जरा चढला. "मी दिवसभर कामावर असते. रविवारी चार तास बर्फात हात घालून बसते, ते हौस म्हणून नाही. उद्या मोठा होऊन राजे विचारेल, आई, तू माझ्यासाठी काय केलंस? काय सांगू त्याला? चिरलं?"

लिफ्टवाल्यांनी मान खाली घातली. ते हळूच म्हणाले, "मी पण तेच सांगणार आहे, मॅडम. मला दुसरं जमतच नाही. पण ठकीला काढू नका."

साक्षीसाठी अध्यक्षबाईंनी मावशींना बोलावलं. "दोन मिनिटं या, दार ओढून घ्या." त्या आल्या, पण बसल्या नाहीत. मुलांनी नाशपाती खाल्ली हे खरं का, असं वकील आजोबांनी विचारलं. मावशींनी होकाराची मान हलवली, पण कान दाराकडेच.

"बाई," त्या म्हणाल्या, "आत फार शांत आहे."

लहान मुलाच्या आवाजाची सवय होते. त्याच्या शांततेची होत नाही. छोट्या खुर्च्यांवरून एवढ्या वेगाने उठता येतं, हे त्या दिवशी कळलं. एक खुर्ची वकील आजोबांना चिकटून दारापर्यंत आली.

आत सगळी मुलं डब्याभोवती गोल बसली होती. डबा जवळजवळ रिकामा होता. कोपरापर्यंत रस, हनुवटीवर रस, आणि कोणी कोणाचा तुकडा ओढत नव्हतं, कारण बहुतेकांच्या दोन्ही हातांत तुकडे होते. ठकी मधे बसून वाटप करत होती. राजांच्या तोंडात एक फोड होती आणि हात पुढे.

"अजून," राजे म्हणाले.

हा त्यांचा तिसरा शब्द. अध्यक्षबाई चटईवर बसल्या. रस कपड्यांना लागत होता तरी बसल्या. राजांनी तोंडातली फोड काढून, नीट निरखून, आईच्या तोंडात घातली. त्यांनी ती खाल्ली. (फोड तोवर सदतीस अंशांवर गेली होती. मी मोजली नाही आणि कळवलंही नाही.)

वकील आजोबांनी निकाल दिला: पुरावा संबंधित पक्षांनीच खाल्ला असल्याने प्रकरण उभं राहू शकत नाही. लिफ्टवाल्यांनी बेसिनपाशी जाऊन बायकोला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "राहिली." मग बराच वेळ पलीकडचं ऐकत उभे राहिले.

यातून समिती काही शिकली नाही असं कोणी म्हणू नये. आता नुसतं फळ चालतं. फक्त ते चिरण्याची अधिकृत पद्धत ठरवण्यात आली आहे, सुरी आधी थंड करून घ्यायची असते, आणि त्यासाठी नेमलेल्या उपसमितीचे प्रमुख अनुभवामुळे लिफ्टवाले आहेत. ते मनापासून काम करतात. मागच्या पाळीला त्यांनी नाशपातीच्या फोडींचा चार मजली मनोरा आणला. अध्यक्षबाईंनी सर्व बाजूंनी फिरून तो पाहिला आणि हात जोडले. मुलांनी त्याला हात लावला नाही.

हे वाचताना तुम्ही आम्हाला हसला असाल. हरकत नाही. तरीही नाशपाती नेमकी किती पिकलेली घ्यायची, फोड केवढी करायची आणि चिरल्यावर किती वेळ टिकते, हे इथे कुठेच नीट दिलेलं नाही, अशी तुमची तक्रार असणार, आणि आपल्याच नजरेतून काही सुटलं का म्हणून तुम्ही पुन्हा वरपासून वाचायला घ्याल. जरूर घ्या. त्याआधी फक्त एकदा शेजारच्या खोलीत डोकावून या. तुम्ही वाचायला बसल्यापासून तिथे फार शांत आहे.