रिकाम्या मागाचा हिरवा दिवा

कुंदनचं टाळकं सकाळपासून तापलं होतं. लॉकडाऊन लागला तशी पुण्याच्या कंपनीने त्याला पवनीला घरी पाठवलं, काम मात्र पाठवलंच नाही. नऊ ते सहा नुसतं लॅपटॉपसमोर बसायचं. माउस हलला नाही की स्क्रीनवर नावापुढचा हिरवा दिवा पिवळा, आणि दिवा पिवळा की मनिष सरांचा फोन. "अजून एकदा पिवळा दिसला तर नोकरी गेली समज!" असं त्यांनी कालच सुनावलं होतं. काम द्यायची अक्कल नाही, पहारा मात्र तुरुंगाचा!

माश्या मारून विटलेल्या कुंदनने शेवटी डोकं चालवलं. शेजारीच त्याचे वडील टेकचंद हातमागावर लुगडं विणत होते. मागाची फणी सतत मागेपुढे हलत होती. त्याने फणीला बांबूची काडी बांधली, काडीला माउस, माउसखाली पाट. खटक, खटक! दिवा हिरवागार. कुंदन खुशाल आडवा झाला.

दुपारी खटखट थांबली. तो ताडकन उठला.

"बाबा, थांबले काहून?"

"सूत सरलं."

"आना न मंग!"

"कोठून आनू? नागपूरची गाडी बंद हाय, मालूम नाही का तुले?"

"मंग तसाच चालवा, रिकामा!"

टेकचंद भडकले. "सूत नसताना माग हाणू? मी का पागल झालो?"

"दिवा पिवळा झाला तं नोकरी जाईन माही!"

"आग लागो तुह्या नोकरीले! यासाठी शिकवलं का तुले?"

पण पोरगं रडकुंडीला आलेलं. टेकचंद शिव्या देतच मागावर बसले. "हे घे तुही कंपनी!" खटाक! "हा घे तुहा सायेब!" खटाक! भिंत हादरली. कुंदनची आई राधाबाई चुलीपासून धावत आली.

"अजी, मोडान न तो माग!"

"मोडू दे!" खटाक!

सहा वाजले आणि मनिष सरांचा फोन आला. कुंदनने स्पीकर लावला.

"कुंदन, सकाळी तू ठीकठाकच होतास. पण दुपारनंतर काय जोर लावलास रे! माउसचा आकडा बघतोय मी. अख्ख्या टीममध्ये एवढं काम कुणाचंच नाही. आता मला रोज असंच पाहिजे. याहून कमी चालणार नाही."

फोन बंद झाला. कुंदनने घाम पुसला आणि भीत भीत विचारलं, "बाबा, उद्याबी असाच राग येईन न तुमाले?"

टेकचंद खांदे चोळत बसले होते. उत्तर राधाबाईने दिलं.

"त्याची फिकर नोको करू. ते माह्यावर सोड."