पाच माणसांच्या उबेचं घर

घर राहण्यासाठी असतं, हा गैरसमज माणसाने गुहेत असल्यापासून जपला आहे. वास्तविक घर पुरस्कारासाठी असतं. राहणं हा त्याचा दुष्परिणाम आहे, आणि चांगला आर्किटेक्ट तो कमीत कमी ठेवतो.

आमचं घर ऊर्जाबचत आणि कारागिरी अशा दोन्ही गटांत पहिलं आलं. (शाळेत मी कुठल्याच गटात आलेली नाही. त्यामुळे घरात माझ्यापेक्षा घराचं कौतुक जास्त होतं, आणि ते रास्तच आहे.) कारागिरीचं म्हणाल, तर जिन्याची प्रत्येक पायरी हाताने घडवलेली असून एकही दुसरीसारखी नाही. उंचीलाही नाही. परीक्षकांनी या जिन्याला 'विचार करायला लावणारा' असं म्हटलं. मामा विचार न करता उतरला, तो अजून लंगडतो. मुख्य दाराला बाहेरून मूठ, कडी, बेल यांपैकी काहीही नाही, कारण त्याने लाकडाची रेषा तुटते. पाहुणे बाहेर उभे राहून दारावर सगळीकडे हात फिरवत बसतात. आर्किटेक्टच्या मते हा वास्तूशी संवाद असतो.

पण खरी करामत ऊर्जेची. आमच्याकडे थंडी हाडं गोठवणारी, तरी घरात हीटर नाही, शेगडी नाही, आणि उघडणारी खिडकी तर नाहीच नाही. काच तीन पदरी, भिंती हातभर जाड, फट औषधालाही नाही. मग ऊब येते कुठून? आमच्यातून! माणूस नुसता बसून राहिला तरी एका जुन्या दिव्याइतकी उष्णता टाकतो. त्यामुळे नकाशा काढण्याआधी आम्हा सगळ्यांना एकेक करून मोजण्यात आलं. निष्कर्ष असे:

बाबा – एकशे वीस वॅट (मुख्यतः बोलण्यामुळे).
आई – एकशे दहा ('आई म्हणजे घराची ऊब' असं बाबा सगळ्यांना सांगायचे. मोजल्यावर दुसरा नंबर आला, तेव्हापासून सांगत नाहीत).
ताई – शंभर.
मी – नव्वद, चढते.
आजोबा – साठ, उतरते.

"आजोबा, जरा हिंडत जा हो, तेवढीच भर," मी म्हटलं.

"हिंडतोय की," आजोबा म्हणाले. "थंडी वाजते म्हणूनच हिंडतोय."

ही सगळी बेरीज बैठकीच्या भिंतीतल्या पडद्यावर तापमान होऊन दिसते. बाबा सकाळी उठले की आधी तो आकडा बघतात, मग आम्हाला.

अशा या काटेकोर घरात ताईने एक दिवस जेवताना घोळ घातला. परगावच्या नर्सिंग कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. दोन वर्षं ती त्यासाठी घासत होती. आम्ही सगळे इतके ओरडलो की आकडा अर्ध्या अंशाने चढला. बाबा खूश झाले, आणि मग त्यांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे तू जाणार?"

"कॉलेज तिकडे आहे, बाबा. ते इकडे येत नाही."

"अगं, पण शंभर वॅट!"

आर्किटेक्टला बोलावलं. तो नखशिखांत काळ्या कपड्यांत आला, दारावर थोडा वेळ हात फिरवून आत आला, आणि सगळं ऐकून गंभीर झाला. "मुलीचं शिक्षण आराखड्यात धरलेलं नव्हतं. तुम्ही आधी बोलायला हवं होतं," तो म्हणाला. फेरतपासणी ऐन थंडीत होती. आकडा अठराच्या खाली गेला की पुरस्कार परत. उपाय होते, पण एकेक करून बाद झाले. मोठा कुत्रा चालला असता, पण केसांनी हवेचं यंत्र तुंबतं. भाडेकरू ठेवावा, तर घर आमच्या मापाचं, परका माणूस संकल्पनेत बसत नाही. "घरजावई मात्र बसेल," आर्किटेक्ट म्हणाला. "मुलगी राहील, वर तो. दोनशे." बाबांनी ताईकडे अशा काही आशेने पाहिलं की आई ताडकन उठली.

"वर्षभर थांब ना," बाबा ताईला म्हणाले. "एवढी फेरतपासणी होऊ दे."

"फेरतपासणी दरवर्षी असते. प्रवेश नसतो. मी काय हीटर आहे का, बाबा?"

"छे छे!" बाबांना खरंच लागलं. "हीटर आपण ठेवतच नाही."

आईने वर जाऊन ताईची बॅग भरली आणि त्या जिन्यावरून एकटीने खाली आणली.

निघताना ताई उघड्या दारात एकेकाच्या गळ्यात पडत होती. आजोबा तिला सोडेचनात. (भावनेपोटी, असं मी धरून चालते.) तिकडे पडद्यावरचा आकडा लाल झाला. बाबांचे डोळे भरून आले होते, हे मी स्वतः पाहिलं. ते पडद्याकडे बघत असल्यामुळे कशाने भरले, हे मात्र खात्रीने सांगता येत नाही.

"येते, बाबा."

"हो, हो. आधी ते दार लाव!"

ताईने लावलं. तिला ते बाहेरून परत उघडता आलं नसतं, पण तिने हात फिरवूनही पाहिला नाही.

संध्याकाळपर्यंत आकडा सतरावर आला. मग बाबांना सुचलं ते घरदर्शन. आता दर रविवारी लोक घोळक्याने पुरस्कारप्राप्त घर बघायला येतात. शेवटी त्यांना ताईच्या खोलीत उभं करतो, कारण तीच सगळ्यात गार असते. तिथे मी ही गोष्ट सांगते, अगदी अशीच. लोक चुकचुकतात, एखादी काकू डोळे पुसते. हळहळणारा माणूस साध्या माणसापेक्षा वीस वॅट जास्त देतो. (बाबांनी मोजलंय.) मग ते काच कुठून आणली विचारतात आणि जातात. फेरतपासणी उत्तम गुणांनी पार पडली.

आत्ता तुम्हालाही ताईबद्दल वाईट वाटत असेल, तर कृपया ते घरी बसून वाया घालवू नका. रविवारी या. ताईचा पत्ता आजवर एकानेही मागितलेला नाही, तेव्हा तुम्हीही संकोच करू नका. येऊन थोडा वेळ नुसतं हळहळायचं. बाकी तुमच्याकडून काही अपेक्षा नाही.