कोल्ड रूममधली बैठक

फरसबीचे क्रेट बाहेर काढा आणि खुर्च्या आत न्या, असा हुकूम समन्वयकानं सोडला तेव्हा अध्यक्षबाईंना वाटलं, उन्हानं याचं डोकं फिरलेलं दिसतंय. गटातल्या बायांनी पहाटे कंबर मोडेस्तोवर वाकून तोडलेली फरसबी आत्ता कुठे थंडाव्याला पोचली होती. संध्याकाळी कंपनीची गाडी यायची होती. गटाचा कंपनीला जाणारा हा पहिलाच माल. आणि या कोल्ड रूमच्या कर्जाला तारण होता तो अध्यक्षबाईंचा विहिरीजवळचा तुकडा. फरसबी चांगल्या भावानं गेली तर हप्ता जाणार होता, नाही गेली तर तुकडा जाणार होता.

"अहो, पण ही खोली भाजीसाठी बांधलीये ना?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हो, पण आज साहेब लोक येतायत. बाहेर बसवलं तर शिजतील ते. थोड्या वेळाचा प्रश्न आहे. फरसबी सावलीत ठेवा."

"सावली कुठंय इथं?"

"करू काहीतरी," समन्वयक म्हणाला.

हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. छोटा शेतकरी, मोठी कंपनी आणि बँक यांची गाठ घालून द्यायची, या कामासाठी त्याला पगार मिळत असे, गाडी मिळत असे आणि फिरतीचा भत्ताही मिळत असे. आजवर त्यानं गाठ घातली होती ती गळ्यातल्या ओळखपत्राच्या फितीला. पण सभा घ्यावी तर त्यानंच. फुलदाणी कुठे, पाण्याच्या बाटल्या कुठे, फोटोत कोण कुठे, याचं ज्ञान त्याच्याइतकं कुणालाच नव्हतं.

फोटोसाठी मागे फलक हवा होता. एकमेकांत गुंफलेले तीन हात आणि खाली 'आपण सारे एक' असा मजकूर असलेला तो फलक दाराएवढा मोठा निघाला. खोलीच्या भिंतींवर पाइप आणि फळ्या, मोकळी जागा फक्त दाराच्या आतल्या बाजूला. तिथे दार आतून उघडायची मूठ आड येत होती. खोली बसवली होती कंपनीनंच, आणि सकाळी यंत्र तपासायला आलेला तिचा मेकॅनिक तिथेच होता. समन्वयकानं त्याला मूठ काढायला लावली. मुठीबरोबर आरपार जाणारी लोखंडी कांडीही निघून आली.

"साहेब, आता दार लावू नका हं. कांडीशिवाय ते बाहेरूनही उघडायचं नाही," मेकॅनिक म्हणाला. "हरवायला नको, मी घेऊन जातो. संध्याकाळी बसवतो."

"हो हो," समन्वयक म्हणाला. त्याचं लक्ष फुलदाणीकडे होतं.

पाहुणे आले. कंपनीचे खरेदी साहेब अंगानं भरलेले. समोर आलेली कुठलीही वस्तू आधी वाकवून बघायची आणि मग नाक मुरडायचं, अशी त्यांची रीत. बँकेचे कर्ज साहेब काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेले. दोघांनी गटाच्या बायांना सकाळभर बाहेर उन्हात उभं करून अटी वाचून दाखवल्या आणि समन्वयकासोबत आत जाऊन बसले. विषय होता शेतकऱ्यांचा सहभाग. शेतकऱ्यांना आत जागा नव्हती. अध्यक्षबाईंना आभाराच्या वेळी बोलावणार होते.

"गारवा बाहेर जातोय हो," असं म्हणून खरेदी साहेबांनी स्वतःच्या हातानं दार ओढून घेतलं.

चहाची वेळ झाली तेव्हा समन्वयक दाराकडे गेला. दारावर धरायला काही नव्हतं. होते ते फक्त गुंफलेले तीन हात.

बाहेर अध्यक्षबाई क्रेटवर ओली पोती टाकत होत्या. दाराच्या जाड पत्र्यातून आवाज येत नसे, पण भिंतीच्या तळाशी पाणी वाहून जायला दोन बोटं जातील एवढं भोक होतं. तिथून कुणीतरी घुसमटल्यासारखं "ओ बाई" म्हणत होतं. त्या खाली वाकल्या. आत खरेदी साहेब फरशीवर आडवे झाले होते.

"बाई, दार उघडा."

अध्यक्षबाईंनी मूठ फिरवली. ती गरागरा फिरली, दार ढिम्म. धाकटा दीर पहार घेऊन धावत आला.

"वहिनी, सरका. बिजागऱ्याच उपटतो."

"उपटा, उपटा," भोकातून आवाज आला.

"थांबा भाऊजी." अध्यक्षबाई पुन्हा वाकल्या. "साहेब, दाराला कंपनीच्या माणसाशिवाय कुणी हात लावला तर वॉरंटी जाते, असं सकाळी वाचलंत ना?"

"मी कंपनीचाच माणूस आहे. मी सांगतोय."

"तोंडी सांगितलेलं धरत नाही, असंही वाचलंत. आणि कर्ज साहेबांना विचारा, कर्जातून घेतलेल्या वस्तूची मोडतोड झाली तर काय होतं?"

आत कुजबूज झाली. मग कर्ज साहेबांचा कापरा आवाज आला. माणूस प्रामाणिक होता. "सगळं कर्ज एकदम भरावं लागतं."

"ऐकलंत ना भाऊजी? ठेवा ती पहार खाली."

"पण मी परवानगी देतो," कर्ज साहेब म्हणाले. "शाखेला फोन लावा."

लावला. शाखेतला माणूस फार अदबीनं बोलला. परवानगी मिळेल, पण आधी आमचे अधिकारी जागेवर येऊन पाहणी करतील.

"ते जागेवरच आहेत," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मग त्यांचा अहवाल पाठवा."

"ते आत अडकलेत."

"हरकत नाही, बाहेर आल्यावर पाठवा."

मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, आधी तक्रार नोंदवा, त्याशिवाय मला हातातलं काम सोडता येत नाही. तक्रारीचा नंबर येणार समन्वयकाच्या मोबाइलवर, आणि मोबाइल समन्वयकासकट आत, जिथे पत्र्यातून रेंज जात नव्हती. हे ऐकून अध्यक्षबाईंचं टाळकं सरकलं. "अरे बाबा, साहेब गारठून मेले तर पोलिसांना पहिलं नाव तुझं सांगेन," असं त्यांनी बजावलं. तेवढ्यानं तक्रार नोंदवल्यासारखंच झालं आणि तो निघाला.

"बाई, निदान यंत्र तरी बंद करा," भोकातून विनवणी आली.

"कसं करू? तापमान वाढलं की तुमच्या कंपनीला आपोआप संदेश जातो आणि माल बी ग्रेडला टाकतात. मागं रिकाम्या खोलीची चाचणी चालू असताना वीज गेली होती तर केवढे ओरडला होतात माझ्यावर."

"पण आत्ता आत माल कुठंय?"

"ते यंत्राला कुठं कळतंय, साहेब?"

अध्यक्षबाई हे काही खोडसाळपणानं करत नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या. ज्या कागदावर सही केली तो कागद कुठल्या बाजूनं अंगावर येईल याचा नेम नव्हता. शिवाय पोती वाळत चालली होती. बाया घागरी आणून ओतत होत्या, आणि तरी वरच्या क्रेटमधल्या शेंगा माना टाकायला लागल्या होत्या.

आत सहभाग भलताच वाढला होता. तिघांनी मिळून फलक दारावरून ओरबाडला आणि पांघरायला घेतला. त्यातला मोठा भाग खरेदी साहेबांनी स्वतःभोवती गुंडाळला. उरलेला समन्वयकानं घेतला. कर्ज साहेबांच्या वाट्याला एक कोपरा आला. त्यावर 'एक' एवढंच लिहिलेलं होतं.

"बाई," खरेदी साहेब पुन्हा भोकाशी आले. आता ते वाक्यागणिक शिंकत होते. "तुमची सगळी फरसबी मी घेतो. ए ग्रेडनं घेतो. एकही शेंग बाजूला काढत नाही."

"दार माझ्या हातात नाही हो."

"तरी घेतो. शब्द देतो."

"मीही साक्षीदार," कर्ज साहेब म्हणाले.

"दोन वर्षांत झाली नाही अशी फलदायी चर्चा झाली," समन्वयक दात वाजवत म्हणाला.

ऊन उतरायच्या आत मेकॅनिक आला. त्यानं बाहेरून कांडी सरकवली, मूठ फिरवली आणि दार सुरळीत उघडलं. साहेब लोक बाहेर यायला धडपडले, पण बाया त्यांच्यासाठी थांबल्या नाहीत. डोक्यावर क्रेट घेऊन त्या आत घुसल्या, आणि तिघांना खुर्च्यांमधून, क्रेटखालून, ओणवं होऊन वाट काढावी लागली.

बाहेर आल्यावर खरेदी साहेब उन्हात उभे राहिले. हळूहळू त्यांच्या गालांवर रंग आला, आणि रंगाबरोबर हुद्दाही परत आला. दाराशी राहिलेल्या क्रेटमधली एक शेंग त्यांनी उचलली आणि वाकवली. शेंग मोडली नाही, नुसती वाकली.

"कोमेजलीये. बी ग्रेड."

"अहो, आत शब्द दिलात ना?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"थंडीत माणूस काय वाट्टेल ते बोलतो. लेखी कुठंय?"

अध्यक्षबाईंनी समन्वयकाकडे बघितलं. समन्वयक बुटांकडे बघत म्हणाला, "करू काहीतरी." अध्यक्षबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, निव्वळ संतापाचं. यांच्याच खुर्च्यांसाठी फरसबी उन्हात बसली होती, आणि तिनं मान टाकली म्हणून हेच तिला नावं ठेवत होते. त्यांना खरेदी साहेबांच्या दोन मुस्काटात द्याव्याशा वाटल्या.

कर्ज साहेब दंड चोळत उभे होते. अजून त्यांच्या अंगातली हुडहुडी गेली नव्हती.

"बी ग्रेडला भाव किती?" त्यांनी विचारलं.

"निम्मा," दीर म्हणाला.

कर्ज मंजूर करताना सही कर्ज साहेबांची होती. पहिलाच हप्ता थकला तर जाब देणारेही तेच, आणि शाखेतला तो अदबीचा माणूस त्यांच्याकडूनच अहवाल मागणार होता. त्यांनी खरेदी साहेबांच्या खांद्यावर अजून तसंच असलेलं फलकाचं पांघरूण पाहिलं. मग मेकॅनिकच्या जवळ जाऊन हळूच विचारलं, "आतली मूठ बसवली का हो?"

"नाही, बसवतोच आता."

"घाई नाही." आणि वळून ते गोडीनं म्हणाले, "खरेदी साहेब, हे बाहेरचे क्रेट तर बी झाले. पण मघाशी आत नेलेले वरचे क्रेट त्याहून वाईट आहेत म्हणे. कदाचित सी ग्रेडही निघेल. बघून घेता का एकदा?"

सी ग्रेड म्हटल्यावर खरेदी साहेबांचा चेहरा उजळला. क्रेट रचून बाया बाहेर आल्या होत्या; ते लगबगीनं एकटेच आत गेले. कर्ज साहेबांनी दार लोटलं आणि मूठ खाली ओढली.

"अहो, हे काय?" समन्वयकाची बोबडी वळली.

"वसुली," कर्ज साहेब म्हणाले.

मग ते इस्त्रीच्या शर्टासकट जमिनीवर पालथे पडले, खिशातून पेन काढलं आणि भोकाला तोंड लावून म्हणाले, "साहेब, ग्रेड सांगा. मी लिहून घेतोय."

आतून एक शिंक आली, आणि तिच्या पाठोपाठ, "ए."

"आणि सही?" अध्यक्षबाईंनी वाकून विचारलं.

"सहीला दार जरासं उघडावं लागेल," मेकॅनिक म्हणाला.

"कशाला?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "कागद भोकातून सरकवा."