चंद्रावरचा पंचनामा

भाऊकाकांनी चंद्रावरच्या एका खड्ड्याचा पंचनामा करायला घेतला होता. थट्टा नव्हे हो! चांगला चतुःसीमा लिहिलेला, पंचांच्या सह्यांसकट.

आमचे हे शेजारी जन्मभर रत्नागिरी तालुक्यातल्या जमिनी मोजून निवृत्त झालेले. बोटीवरच्या एका सारंगाकडून त्यांनी पितळी दुर्बीण मिळवली नि मोजणीच्या जुन्या तिपाईवर अंगणात चढवली. वाडीत वीज यायची होती, त्यामुळे आभाळ झकास दिसे. पण काकांची नजर कुठे, तर चंद्राच्या दक्षिण टोकाशी, अगदी काठावरच्या एका झिजक्या खड्ड्यावर.

"पावसानं कडा खाल्लेली चिरेखाण बघितल्येस ना? तस्साच. वरून धोंडा आदळून झालेला. मग आणखी धोंडे पडले नि कड झिजली."

"पण काका, मोठे सोडून हाच का?"

"याला साक्षीदार मिळत नाही, म्हणून!"

हा खड्डा महिन्यातून दोन-चार संध्याकाळीच धड दिसे. चंद्र तेवढ्यापुरती मान कलती करतो म्हणे. तेव्हा दिवेलागणीला काका कुणालाही धरून आणत. "काय दिसतं ते तुझ्या तोंडानं सांग. मी सांगणार नाही." आम्ही एक डोळा मिटायचो, "वा, खड्डा!" म्हणायचो नि सही ठोकून चहाला बसायचो. जमिनीच्या पंचनाम्यात तरी पंच दुसरं काय करतात? काकू गेल्यापासून चहा काकाच करीत, तो काढ्यासारखा. काका "एवढंच?" म्हणत आणि शेरा मारत, 'पंच निरुपयोगी'. तीन वर्षांत अख्खी वाडी निरुपयोगी ठरली. मला तो मान सातदा मिळाला.

एका मार्गशीर्षात मी डोळा लावला आणि काय सांगू, खरंच दिसला!

"काका, हा धड गोल नाहीच! डावीकडे कड फुटल्ये, खिंडारच आहे. आणि त्या खिंडारात एक चिमुकला खड्डा!"

काकांच्या बशीतला चहा सांडला. "कोणी सांगितलं तुला हे?"

"कोण सांगणार? दिसतंय समोर."

त्यांनी स्वतः डोळा लावला. चष्मा पुसून पुन्हा लावला.

"मला नाही दिसत रे. कधीच दिसलं नाही. तुझ्या काकूला दिसलं होतं. अस्संच म्हणाली होती, खिंडार नि आत चिमुकला खड्डा. आणि मी, मोठा मोजणीदार! चार पाहुण्यांदेखत तिला म्हटलं, थापा मारू नकोस. मरेपर्यंत तिनं दुर्बिणीला हात लावला नाही."

सात खोट्या सह्यांची मला भयंकर लाज वाटली.

काकांनी कोरा कागद घेतला. पंच क्रमांक एक म्हणून काकूंचं पूर्ण नाव लिहिलं. मग लेखणी माझ्याकडे देत म्हणाले, "तू दुसरा."