मांडव एवढासा अन् वाढपी चार

शनिवारी दुपारी आमच्या बुलढाण्याच्या कॉलेजात कुणी कॉम्प्युटरच्या खोक्याला कान लावून बसलेलं दिसलं, तर ते इंगळे सर. डोळे मिटलेले, एक बोट वर. आतून करकर ऐकू आली की सर कळवळायचे, "रडून राह्यली बे मशीन बिचारी! कोनं टाकला चारचा आकडा?"

आकडा बहुधा मीच टाकलेला असायचा. कॉलेजचा प्रवेशापासून निकालापर्यंतचा कारभार इंगळे सर, सलमा मॅडम आणि मी अशा आम्ही तिघांनी लिहिलेल्या एका अवाढव्य प्रोग्रामवर चालायचा. त्याच्या शेकडो फाइली दर शनिवारी नव्याने कंपाइल कराव्या लागत, म्हणजे यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवून घ्याव्या लागत. यंत्र एका वेळी चार फाइली घ्यायला तयार, पण मेमरी तोकडी. चार घुसवल्या की मेमरी भरायची, यंत्र करकरत डिस्कवर ठेव-उचल करत बसायचं आणि काम आणखीच रखडायचं. मी जात्याच उतावळा, त्यामुळे हे मला दर शनिवारी नव्याने कळायचं.

"मांडव एवढासा अन् वाढपी चार," सर म्हणायचे, "मंग वरन पानात कमी अन् धोतरावर जास्त! एकच लाव. दीड घंटा लागते, लागू दे."

तो दीड तास यंत्राला कुणी शिवायचं नाही, हा सरांचा दंडक. मग ते जेवणाचा डबा सोडायचे. धामणगाव बढे गावचा हा माणूस वांग्याचं भरीत स्वतः भाजून करायचा आणि तिघांना पुरून उरेल एवढं आणायचा. सोबत सलमा मॅडमचं लोणचं आणि माझ्या फुशारक्या.

शेवटी प्राचार्यांच्या हात धुऊन मागे लागून मी चौपट मेमरी आणवली. चारचा आकडा टाकला, पंचवीस मिनिटांत काम फत्ते! मॅडमनी आणि मी टाळ्या पिटल्या, पिशव्या उचलल्या आणि आपापलं घर गाठलं. सरांचा डबा तसाच राहिला, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

पुढच्या शनिवारी पुन्हा दीड तास. पाहतो तर आकडा एक, आणि मेमरी बरीचशी रिकामी. मी उखडलो. "सर, आता मांडव मोठा झाला ना? मंग एकच वाढपी काऊन?"

सर डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिले. "तुमी लोक पयता ना गड्या घरी," ते म्हणाले. "तुमची काकू गेली तवापासून घरी एकट्याले घास उतरत नाही. हप्त्यातून एक दिवस पोटभर जेवतो, तो हा."

मला माझीच लाज वाटली. भरीत तिखट झालंय म्हणत डोळे पुसले आणि दुसरी भाकर मागून घेतली.

महिन्याभराने प्राचार्य दारात उभे. "एवढी मेमरी आणून देली, तरी दीड घंटा काऊन लागते?"

सरांचा हात डब्यातच थांबला. मी उठलो, खोक्याला कान लावला, डोळे मिटले, एक बोट वर केलं. आत सगळं कसं शांत होतं.

"काय सांगू सर," मी प्राचार्यांना म्हणालो, "रडून राह्यली बिचारी."